बावीस फॉर्म

वासराच्या कानात वारा शिरतो म्हणतात.
पुन्ता अरेनासला नोव्हेंबरात
वाऱ्याच्याच कानात वासरू शिरतं.
मग नगरपालिकेची माणसं चौकात दोर ताणतात,
खांबापासून खांबापर्यंत,
आणि पिशव्या सांभाळत निघालेल्या बायका, शाळेची पोरं,
बंदरावरचा एखादा दांडगा हमालसुद्धा
दोर धरून रस्ता ओलांडतो.
त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

मीही धरूनच आलो, एका हाताने.
दुसऱ्या काखेत बावीस फॉर्म.
इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर कोण किती थकलंय,
शून्य ते सहा.
शून्य म्हणजे कधीच नाही, सहा म्हणजे रोज.
मी कारकून. मोजायला सांगितलं की मोजतो.

संध्याकाळी वाटले, पहाटे गोळा करायला गेलो.
नऊ भरलेले. चार कोरे.
एकाच्या पाठीवर कुणाच्या तरी साखरेचे आकडे,
तासातासाने, वाढत गेलेले.

यानारा. वय चोवीस, नोकरीला तीन महिने.
सगळीकडे शून्य.
"एवढं छान चाललंय?"
"वर नाव लिहायचंय ना," ती म्हणाली,
आणि अठ्ठावीस खाटांकडे एकटीच निघून गेली.

डॉक्टर अरिस्तिदेस खुर्चीतच झोपले होते,
पेनाचं टोक सातव्या प्रश्नावर:
रुग्ण दगावला तर हल्ली तुम्हाला काही वाटतं का?
शाई पसरत पसरत
सहाही चौकटी गिळून बसली होती.
अशा डागाला किती गुण द्यायचे
हे माझ्या सूचनापत्रकात नाही.

चिलोएहून आलेली रोसालिआ फरशी पुसत होती.
तिला फॉर्म नव्हताच, ती कंत्राटी.
मान वर न करता म्हणाली,
"दूध तळाला लागतं ना, तसं आहे बघा हे.
वरून पांढरंशुभ्र. सायही धरते.
वास सुटतो तेव्हा कळतं,
आणि तेव्हा ढवळलं तर सगळंच नासतं."
पाय उचला, म्हणाली. मी उचलले.

नेवेन्काचा फॉर्म कुठेच सापडेना.
मुख्य परिचारिका, एकतीस वर्षं याच मजल्यावर.
म्हणून तिचा खण उघडला.
रजेचे अर्ज. मार्चचा, जूनचा, सप्टेंबरचा.
मार्चमध्ये कारण दिलेलं, आईचं ऑपरेशन.
जूनमध्ये नुसतंच "वैयक्तिक".
सप्टेंबरच्या अर्जात कारणाची ओळ रिकामी.
तिन्हींवर जांभळा शिक्का, विचाराधीन,
जरा डावीकडे कललेला.
शिक्का मारताना माझा हात डावीकडे कलतो.

ती चौदा नंबरपाशी सापडली.
तिथे दोन एलेउतेरिओ,
आयुष्यभर मेंढ्यांची लोकर कातरलेला म्हातारा,
फुफ्फुसांत आता जेमतेम चहाच्या कपाएवढी हवा.
डोक्यावरची खिडकी खडखडायची,
चार रात्री त्याच्या डोळ्याला डोळा नव्हता.
(दुरुस्तीचा अर्ज? तोही आमच्याकडेच असणार.)
आज तो तोंड उघडं टाकून झोपला होता.
खिडकी गप्प.
चौकटीच्या फटीत आठ घड्या घातलेला कागद,
गच्च ठोकून बसवलेला.
घडीवर "किती वेळा" एवढंच वाचता येत होतं.

"तुझा फॉर्म," मी हळूच म्हणालो.
"कामात आहे," ती म्हणाली.

मग व्हरांड्यातून गेली,
भिंतीला तळहात टेकवत, दारामागून दार,
बाहेर आम्ही दोर धरतो तशी.
आत वारा नव्हता.

मी बेरीज केली. दिले बावीस, आले एकवीस.
तिचे तीन अर्ज मात्र न विचारता खिशात घातले.
त्यांचं काय करायचं, अजून ठरलेलं नाही.
चौकात दोर धरायला
एकच हात मोकळा होता,
दुसरा खिशावर.